लेकरांचं लॉक

“मागचं लॉक लावलंस का?” पायरीवर उभ्या उभ्या अर्जुनरावांनी विचारलं.

त्रिंबक गाडीची काच पुसत होता. त्याने फडकं पिळून बॉनेटवर टाकलं. “साहेब, आज लेकरं कुठं हायेत गाडीत?”

“हायेत की. दोन बाया देतोय तुझ्याकडं, त्या लेकरंच समज. वाटंत कुणी काही दाखवलं की उतरत्यात आन् त्याच्यामागं जात्यात. लाव, दोन्हीकडचं लाव.”

आजूबाजूचे चार-पाच जण हसले. अर्जुनराव बोलले की हसायचं, हे त्या अंगणात ठरलेलंच होतं. त्रिंबकला हसू आलं नाही, पण नाही म्हणायचीही त्याला सवय नव्हती. दूध संघाच्या गाडीवर एकोणीस वर्षं तो रोजंदारीवर ड्रायव्हर होता. कायम करतो, पुढच्या मीटिंगला ठराव घेतो, असं ऐकत ऐकत त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. त्याने मागचं डावं दार उघडलं. दाराच्या कडेला, दार लागलं की दिसत नाही अशा जागी, नखाएवढं काळं बटण होतं. बटणाच्या शेजारी एका छोट्या लेकराचं चित्र. बटण खाली सरकवलं की दार आतून उघडत नाही. आतली मूठ कितीही ओढा, नुसती हालते. उघडायचं तर बाहेरून कुणीतरी उघडावं लागतं.

हे बटण त्रिंबकचं फार लाडकं होतं. हसण्यासारखी गोष्ट नाही ही. बावीस वर्षांपूर्वी तो एका मुकादमाच्या जीपवर होता. कारखान्याचा पट्टा पडला होता, म्हणजे हंगाम संपला होता, आणि ऊसतोडीवरनं परतणारी माणसं जीपमध्ये दाबून भरलेली. मागच्या दाराची कडी झिजलेली, म्हणून मुकादमाने ती सुतळीने बांधली होती. नवी कडी टाका असं त्रिंबक दोनदा म्हणाला होता. तिसऱ्यांदा म्हणाला नाही. वळणावर सुतळी तुटली आणि त्याच्याच बायकोच्या मांडीवरनं त्याचीच तीन वर्षांची पोर, केशर, रस्त्यावर पडली. जीव वाचला. हात कोपरात मोडला तो वाकडाच बसला. पुढे तिला बघायला पाहुणे यायचे तेव्हा ती तो हात पदराखाली धरून बसायची. एकदाचं लग्न झालं, चकलांब्याला सुखात आहे, पण अजूनही ती डाव्या हाताने घागर उचलते.

संघाने नवी गाडी घेतली तेव्हा शोरूमच्या माणसाने त्रिंबकला हे बटण दाखवलं. त्रिंबकने दार दहा वेळा लावून-उघडून पाहिलं. कुणी शहाण्या माणसाने फक्त लेकरांसाठी म्हणून एवढी कळ करून ठेवली, याचंच त्याला कौतुक वाटलं. त्या दिवसापासून गाडीत लेकरू बसलं की आधी हे बटण, मग चावी. साहेबांच्या नातवंडांनाच नाही, दवाखान्यात नेलेल्या कुणाच्याही पोराला. स्टँडवरच्या जीपवाल्यांना तो थांबवून थांबवून सांगायचा. ते त्याला लॉकवाले मास्तर म्हणत.

आणि आज तेच बटण दोन म्हाताऱ्या होत चाललेल्या बायांसाठी लावायचं होतं. त्रिंबकने ते लावलं. दुसऱ्या बाजूचंही लावलं.

कारण साधं होतं. संघाच्या तेरा संचालकांतून तीन दिवसांनी चेअरमन निवडायचा होता. आताचे चेअरमन अर्जुनराव, त्यांच्याकडे स्वतःला धरून सात; विरोधातल्या भगवानरावांकडे सहा. सातातला एक जरी तिकडे गेला तरी खेळ संपला. मग आपल्याकडे जे करतात ते अर्जुनरावांनी केलं. सात जणांना सहलीला न्यायचं, मतदानाच्या सकाळीच परत आणायचं. सहल म्हणे! निवडून दिलेली माणसं उचलून कुठल्यातरी लॉजवर कोंडायची आणि त्याला सहल म्हणायचं, वर देवदर्शनाचं नाव द्यायचं. आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. तालुक्यात प्यायला टँकर, जनावरं चारा छावणीत, बायका हापशापाशी रांगेत बसून दिवस काढतायत, आणि संघाच्या गाड्या टँकरच्या पाइपाने धुऊन सहलीला निघतायत.

पुढच्या गाडीत अर्जुनराव आणि चार संचालक बसले. मागची गाडी त्रिंबकची. त्याच्या शेजारी अर्जुनरावांचा पुतण्या बंकट. मागे सुंदरबाई आणि भिवराबाई, महिलांच्या राखीव जागांवर आलेल्या दोघी.

सुंदरबाईंचं काही म्हणणं नसे. त्यांचे मालक सांगतील तिथे त्या सही करत. भिवराबाईंचं तसं नव्हतं. साठीची बाई, त्रिंबकच्याच गावची. तरुणपणी पंधरा वर्षं ऊस तोडला, मग पहिली म्हैस घेतली, मग दुसरी, आणि गावातल्या चाळीस बायकांना गोळा करून दूध डेअरी चालवली. कुणाची म्हैस अडली की भिवराबाईंना बोलावणं यायचं, डॉक्टर नंतर. राखीव जागेसाठी बाई पाहिजे म्हणून त्यांचं नाव घातलं गेलं, आणि नाव घालणाऱ्यांपेक्षा जास्त मतं त्यांना पडली.

“संध्याकाळपर्यंत यायलोत ना रं परत?” बसता बसता त्यांनी विचारलं. “माझी म्हस दिवस भरलेली हाय. छावणीत मालकाला बसवून आलेय.”

“धर्मापुरीला दर्शन घ्यायचं आन् माघारी,” बंकट म्हणाला. “सुंदरकाकू, मोबाईल द्या तुमचा. साहेबांकडं जमा करायचेत. फोटो-बिटो काढायची भानगड नको.”

सुंदरबाईंनी दिला. भिवराबाईंकडे असेल असं त्याला वाटलंच नाही. तो त्यांच्या चंचीत, पान-सुपारीखाली होता.

दिंद्रुड मागे पडलं. दोन्हीकडची रानं नांगरून उघडी पडलेली, उसाची धसकटं वाळून पिवळी झालेली. परळीच्या अलीकडे पंपावर डिझेल भरायला गाड्या थांबल्या. भिवराबाईंनी उतरण्यासाठी मूठ ओढली. दार उघडलं नाही. पुन्हा ओढली.

“त्रिंबका, दार बिघडलंय का रं?”

बंकटने त्रिंबककडे पाहिलं. त्रिंबकने आरशात पाहिलं. आरशात भिवराबाईंचा चेहरा होता आणि त्या चेहऱ्यावर संशयाचं नावही नव्हतं.

“व्हय काकू,” तो म्हणाला. “बिघडलंय.”

“मग नीट करून घे बाबा. ल्हान लेकरं बसत्यात या गाडीत. तुला आमी सांगावं का?”

बंकटने खाली उतरून बाहेरून दार उघडलं. भिवराबाई उतरल्या, बाथरूमला जाऊन आल्या. बंकट दारापाशी उभाच होता. त्या बसल्यावर त्याने दार लावलं. परळी येईपर्यंत त्रिंबकने आरशात पाहिलं नाही. आयुष्यात तो खोटं बोललाच नव्हता असं नाही, पण त्या बटणाच्या नावाने पहिल्यांदाच बोलला होता. 

धर्मापुरीचा फाटा आला आणि पुढची गाडी सरळ गेली. त्रिंबकही सरळ गेला.

“आरं, फाटा मागं राहिला,” भिवराबाई म्हणाल्या. “धर्मापुरी तिकडं हाय.”

बंकट मोबाईलमध्ये बघत होता. “धर्मापुरी येताना करू काकू. आता लांब जायलोत. तीन दिवस आराम करायचा. एसी रूम हाय, टीव्ही हाय, जेवण जागेवर.”

“तीन दिवस?”

“मतदानाच्या सकाळी घरी.”

“मला कुणी सांगितलं न्हाई. सुंदरबाई, तुला सांगितलं का?”

सुंदरबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांना सांगितलेलं असावं.

भिवराबाई पुढे काही बोलणार, इतक्यात त्यांच्या चंचीतला फोन वाजला. बंकट दचकून मागे वळला. भिवराबाईंनी फोन कानाला लावला. पलीकडे त्यांचे मालक, शहादेव, इतक्या मोठ्याने बोलत होते की त्रिंबकला पुढे ऐकू येत होतं.

“भिवरे, म्हस बसलीय खाली. कळा द्यायलीय. पाय एकच दिसायलाय, दुसरा न्हाई दिसत. डॉक्टर दुसऱ्या छावणीवर गेलाय म्हणं. तू कुठं हायेस?”

“ओढू नका,” भिवराबाई म्हणाल्या. “कुणाला ओढू बी देऊ नका. मी यायलेय. तिच्या पाठीवर हात ठिवा, बोलत बसा. मी यायलेय.”

फोन ठेवून त्या पुढे सरकल्या. “गाडी थांबीव त्रिंबका. मी एसटीनं जाते माघारी.”

“थांबायचं न्हाई,” बंकट म्हणाला. तो त्रिंबकला म्हणाला, पण हात त्याने मागे केला आणि भिवराबाईंच्या हातातला फोन काढून घेतला. ओढला नाही. नुसता काढून घेतला, पोराच्या हातातून वस्तू काढून घेतात तसा. त्यानेच त्रिंबकला जास्त लागलं.

“आरं म्हस आडलीय माझी!”

“काकू, साहेबांशी बोला.” त्याने स्वतःचा फोन लावला आणि त्यांच्यासमोर धरला.

“काकू,” अर्जुनरावांचा आवाज आला. मागे कुणीतरी हसत होतं, गाणी चालू होती. “म्हशीचं काय घेऊन बसलात? आशा दहा म्हशी उभ्या करतो दारात. तीन दिवस गप बसा. एवढं मोठं काम चाललंय आन् तुमी म्हस म्हस काय करायलात?”

“तुमच्या संघात म्हशीचंच दूध येतंय ना साहेब?” भिवराबाई म्हणाल्या. फोन तोवर बंद झाला होता.

त्यांनी दाराची मूठ ओढली. गाडी चालू होती. त्या चालत्या गाडीतून उडी घेणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण हात आपोआप गेला असावा. मूठ हालली, दार तसंच. त्या थांबल्या. मुठीकडे बघत राहिल्या.

“आतून बिघडलंय,” त्या सावकाश म्हणाल्या. “पंपावर बंकटनं भाईरून उघडलं तर कसं लोण्यावाणी उघडलं. सुंदरबाई, तुझं बघ गं.”

सुंदरबाईंनी आपली मूठ ओढली. उघडलं नाही.

“दोन्ही बी बिघडले का रं त्रिंबका? येकाच दिवशी?”

 

“बिघडलं न्हाई काकू,” त्रिंबक म्हणाला. “ते ल्हान लेकरांचं लॉक हाय. मीच लावलंय. सकाळी.”

“ए त्रिंबक, तू गाडीकडं बघ,” बंकट म्हणाला.

भिवराबाई ओरडतील असं त्रिंबकला वाटलं होतं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मागे टेकून बसल्या आणि अशा शांत आवाजात बोलू लागल्या की त्रिंबकला समोरचा रस्ता दिसेनासा व्हावा.

“मला कावून लावलं लॉक? बंकट, तुझा चुलता छावणीवर आलता ना गेल्या सोमवारी? त्याच्याबरोबर तू बी हुतास. महादेवाच्या देवळात मी बेलभंडारा उचलला, देवाची आण घेतली. पाच माणसासमोर म्हणले, माझं मत अर्जुनरावाला. कुणी मागितलं न्हवतं मला, मीच उचलला. कावून, तर त्यानं आमच्या गावाची छावणी लवकर आणली, त्याचं एवढं केलेलं मी मानते. बेलभंडारा उचलल्यावर बाई फिरंल आसं वाटलं तुमाला?”

“तसं न्हाई काकू, सगळ्यांनाच...”

“सगळ्यांना म्हणजे? पुढल्या गाडीतल्या बाप्यांना बी लेकरांचं लॉक लावलंय?”

बंकट समोर रस्त्याकडे बघू लागला. लावलेलं होतं.

“आन् ते बी बसले गप? चांगले कडक कापडं घालून?” भिवराबाई एकदाच हसल्या. “पंधरा वरीस मी कोयता धरला. फडात बाळंत झाले, तिसऱ्या दिवशी मोळी उचलली. माझ्या लेकरांना लॉक लावायला न्हवती गाडी. झाडाला झोळी बांधून ठिवत हुते मी. आन् आता साठीला मला लॉक लावायलाव तुमी. आन् तू रं त्रिंबका, केशरचा हात आठवतो का तुला? तुझी पोर पडली तवा तिच्या हाताला हळद मी लावली.”

त्रिंबकने गाडीचा वेग कमी केला. 

पुढे रेल्वेचं फाटक लागलं होतं. अर्जुनरावांची गाडी निसटून पलीकडे गेली होती, आडवा दांडा त्यांच्यामागे खाली आला. फाटकाशी चांगलीच गर्दी झाली होती. ट्रॅक्टर, मोटरसायकली, दुधाच्या किटल्या लावलेले दोघे, पाण्याचा एक टँकर. पलीकडच्या बाजूला, तोंड इकडे करून, परळीची एसटी उभी होती.

त्रिंबकने गाडी थांबवली. डाव्या हाताला बंकट होता. त्रिंबक उतरून मागचं दार उघडायला गेला असता तर बंकट आधी उतरून दाराला पाठ लावून उभा राहिला असता. पंपावर त्याने तेच केलं होतं. त्रिंबकच्या उजव्या हाताशी, दारावर, चार काचांची चार बटणं होती. मागच्या काचा मागे बसलेल्याला खाली घेता येणार नाहीत अशा त्याने सकाळीच बंद करून टाकल्या होत्या.

तो त्या बटणांकडे बघत राहिला. एकोणीस वर्षं, रोजंदारी, कायम करण्याचा ठराव. घरी बायको, तिच्या गोळ्या. त्याच्या मनात हे सगळं आलं नाही असं कुणी म्हणू नये. आलं. आणि त्याचबरोबर ती जीप आली, झिजलेली कडी आली, आणि तिसऱ्यांदा न म्हटलेलं वाक्य आलं.

त्याने मागची डावी काच खाली घेतली. बाहेरचा गरम वारा आत शिरला.

“काकू,” तो म्हणाला, “हात भाईर घाला आन् भाईरची मूठ वडा. भाईरून उघडतंय ते.”

“ए!” बंकट ओरडला. पण त्याचा पट्टा बांधलेला होता आणि तो सोडेपर्यंत भिवराबाईंचा हात बाहेर गेला, दार उघडलं आणि त्या रस्त्यावर उभ्या होत्या. पदर सावरला, चंची कमरेला खोचली.

बंकट धावत आला आणि त्याने त्यांचं मनगट धरायला हात पुढे केला.

“लाव हात,” भिवराबाई म्हणाल्या. मोठ्याने नाही, पण मोटरसायकलवाले वळून बघू लागले. “लाव की. हितं पन्नास माणसं उभी हायेत. त्यांना सांग, मी दूध संघाची डायरेक्टर हाय आन् तू मला लेकरांचं लॉक लावून कुठं न्यायलास ते.”

बंकटने हात मागे घेतला. गर्दी आपल्याकडे बघते आहे हे कळल्यावर तो हसायला लागला. “काकू, घरचीच बाब हाय, बसा ना गाडीत, आसं काय करताव...” किटलीवाल्यांपैकी एकजण गाडीवरून उतरून जवळ आला आणि नुसता उभा राहिला. त्याच्यामागे टँकरचा ड्रायव्हर.  

“माझा फोन,” भिवराबाईंनी हात पुढे केला. बंकटने दिला.

त्रिंबकने आरशात पाहिलं. सुंदरबाई आपल्या जागी बसून होत्या. डावीकडचं दार सताड उघडं होतं, मधली जागा मोकळी होती. त्यांनी एकदा त्या दाराकडे पाहिलं, मग मांडीवरची पिशवी नीट केली.

रेल्वे धडधडत गेली. दांडा वर उठला. एसटी पलीकडून इकडे आली आणि भिवराबाईंनी हात केल्यावर थांबली. चढताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी लॉजच्या आवारात अर्जुनरावांनी त्रिंबकला बोलावलं. “चावी ठिव,” ते म्हणाले. “तुला आमी घरातला समजत हुतो रं.”

“घरातल्याला लेकरांचं लॉक मोठ्या माणसांना लावायला सांगत न्हाईत साहेब,” त्रिंबक म्हणाला. एकोणीस वर्षांत साहेबांना त्याने दिलेलं हे पहिलं उत्तर. दुसरं द्यायची वेळ आली नाही. तो दोन गाड्या बदलून दुसऱ्या दिवशी सकाळी गावी पोचला आणि घरी न जाता आधी छावणीवर गेला.

पत्र्याच्या सावलीला भिवराबाईंची म्हैस उभी होती. पुढ्यात उसाचं वाडं पडलं होतं, पण ती खात नव्हती. वळून वळून मागे हुंगत होती. मागे काही नव्हतं, पाणी टाकून झाडलेली जागा होती.

“पाय मुडपला हुता,” भिवराबाई म्हणाल्या. त्या रात्रभर तिथेच असाव्यात. “मी आले तवा हात घालून सरळ केला. म्हस वाचली. वगार गेली. चांगली ढवळ्या कपाळाची वगार हुती.”

त्रिंबक उकिडवा बसला. “काकू, पंपावर मी खोटं बोललो. तवाच खरं सांगितलं आसतं तर तुमी तिथंच उतरला आसता. दोन तास आधी पोचला आसता.”

भिवराबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. समजूत घालणारं काहीतरी त्या बोलतील असं त्याला वाटलं. 

“व्हय,” त्या म्हणाल्या. “आले आसते.”

मग त्यांनी वाड्याची पेंढी सोडली आणि अर्धी त्याच्यापुढे सरकवली. दोघांनी मिळून ती म्हशीपुढे मोकळी केली.

मतदानाच्या दिवशी त्रिंबक संघाच्या ऑफिससमोर चहाच्या गाड्यापाशी उभा होता. काम नव्हतं म्हणून आला होता आणि पाहायचं होतं म्हणूनही. साडेदहाला भिवराबाई एसटीने आल्या. पायात धुळीने पांढऱ्या झालेल्या चपला, अंगावर सहलीच्या दिवशीचंच हिरवं लुगडं. त्या फाटकातून आत शिरल्या आणि त्यांच्या मागोमाग अर्जुनरावांची गाडी आली. सगळे एकाच गाडीत बसले होते. अर्जुनराव पुढचं दार उघडून उतरले. लगेच त्यांना गराडा पडला, हार आले, आधीच येऊन थांबलेला बंकट माणसं सारत पुढे, गाडीचा ड्रायव्हर हार धरायला त्याच्या मागे.

मागची दारं बंदच होती.

आत चार कडक इस्त्रीचे संचालक आणि सुंदरबाई बसून होते. एकाने मूठ ओढली असावी, कारण त्याचा खांदा हालला. मग तो हात मांडीवर ठेवून बसला. दुसऱ्याने काचेवर बोटाने टकटक केली, हलकेच. तेरातली पाच माणसं, ज्यांच्या सहीने तालुक्याचं दूध हलतं, ती कुणीतरी येऊन उघडेल म्हणून उन्हात काचेआड बसली होती. त्रिंबकच्या हातातला चहा निवला. रागाने त्याला काही सुचेना. ओरडावं, धोंडा घालावा काचेवर, काय करावं?

भिवराबाई पायरीपर्यंत पोचल्या होत्या. त्या थांबल्या, वळल्या आणि गाडीपाशी आल्या. त्यांनी बाहेरून दार उघडलं.

“उतर बाई,” त्या सुंदरबाईंना म्हणाल्या.

सुंदरबाई उतरल्या. त्यांच्यामागून चौघे उतरले, टोप्या सारख्या केल्या आणि भिवराबाईंकडे न बघता आत गेले.

अर्ध्या तासात फटाके वाजले. सात विरुद्ध सहा, अर्जुनराव पुन्हा चेअरमन. भगवानरावांची माणसं तोंडं पाडून निघून गेली. गुलालाच्या ढगातून भिवराबाई एकट्या बाहेर आल्या आणि त्रिंबकपाशी थांबल्या.

“काकू,” त्याचा आवाज चढला, “सात कसे झाले? तुमी कुणाला दिलं?”

“अर्जुनरावाला.”

“त्यानं कोंडलं तुमाला! वगार गेली तुमची! माझी नौकरी गेली! आन् तुमी हात वर केला त्याच्यासाठी?”

“बेलभंडारा उचलला हुता रं.” त्या थकलेल्या दिसत होत्या. “लॉक लावलं तरी माझं मत तेच, सोडलं तरी तेच. आता मोडला आसता शबुद तर त्याचंच खरं झालं आसतं, का बाया फिरत्यात म्हणून कोंडाव्या लागत्यात. हात वर केला तवा मी त्याच्याकडंच बघत हुते. त्यानं कागदात डोकं घातलं. माझा हात खाली येईस्तोर वर बघितलं न्हाई त्यानं.” त्यांनी पदराने गालावरचा गुलाल पुसला. “पुढच्या डावाला मी बेलभंडारा उचलणार न्हाई. हे बी सांगून आले त्याला, समद्यांसमोर.”

त्रिंबकला ते पटलं नाही. पुढे कधी पटलं की नाही, कुणास ठाऊक. आपण असतो तर पाडलाच असता त्याला, असं तो आजही म्हणतो.

स्टँडवर गावाकडे जाणारी काळीपिवळी भरत होती. जीपवाला ओळखीचा होता. “या मास्तर,” तो म्हणाला. सवयीने त्रिंबक पुढे झाला आणि भिवराबाईंसाठी मधलं दार उघडून धरलं.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “तू बस पुढं.”

त्या आत चढल्या, खिडकीशी बसल्या आणि दार आतून ओढून घेतलं. जीपवाल्याने चावी फिरवली.

“थांब जरा,” भिवराबाई म्हणाल्या.

त्यांनी आतली मूठ ओढली. दार उघडलं. बाहेर स्टँडची धूळ आणि ऊन दिसलं. त्यांनी ते पुन्हा लावून घेतलं.

“आता चल,” त्या म्हणाल्या.